पखालजीचा सलाम : सॅम जॅफी या चरित्रनटाविषयी

'गंगा दीन' हा हॉलिवुडचा बोलपट १९३९ साली पडद्यावर आला. त्याचा शेवट ज्यांनी पाहिला असेल, त्यांस तो सहसा विसरता येत नाही. डोंगरातील एका देवळाचा घुमट दिसतो. बोलपट कृष्णधवल असल्यामुळे तो सोन्याचा आहे हे आपण ऐकूनच मानावयाचे. संगिनीचा घाव बसलेला, कमरेस जेमतेम वस्त्र गुंडाळलेला एक कृश पखालजी त्या घुमटावर सरपटत चढत असतो. खाली खिंडीत गोऱ्या शिपायांचे पथक वाद्यांच्या तालावर बेसावधपणे येत आहे आणि त्याच्यावर दबा धरून बसलेल्यांचा घाला पडणार आहे. पखालजी घुमटाच्या माथ्याशी पोचतो आणि बिगूल ओठांस लावतो. सूर फाटके निघतात, परंतु निघतात. पथक सावध होते. मग गोळी लागते आणि सूर मध्येच विरून जातो.

हा पखालजी झाला होता सॅम जॅफी. चित्रीकरणाच्या वेळी त्याचे वय ४७ वर्षांचे होते. तो न्यूयॉर्कचा, धर्माने ज्यू, एके काळचा गणिताचा शिक्षक. हिंदुस्थानाशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. तरीही त्या दृश्यात आमच्या डोळ्यांत पाणी येते, आणि ते आले म्हणून पाठोपाठ स्वतःचाच रागही येतो. जो बोलपट आमच्या देवतेस खुनाची अधिष्ठात्री ठरवितो आणि आमच्या माणसास परक्या पलटणीसाठी मरण्यातच मोठेपण देतो, त्याने आम्हांस रडवावे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा बोलपटापेक्षा नटाकडेच अधिक पाहावे लागले. त्या पाहण्यातून जे हाती आले ते येथे मांडीत आहोत.

जॅफीचा जन्म १० मार्च १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात झाला. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची ती वस्ती होती. त्याची आई अमेरिकेत येण्यापूर्वी ओडेसा येथे यिडिश रंगभूमीवर काम करीत असे, आणि मुलानेही लहानपणी तिच्या बरोबरीने रंगमंचावर पाऊल टाकले. म्हणजे ज्यास आपण घराण्याची विद्या म्हणतो ती त्यास आईकडून मिळाली होती. पण त्याने वाट धरली शिक्षणाची. १९१२ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून पदवी घेऊन पुढे कोलंबिया विद्यापीठात तो अभियांत्रिकी शिकला आणि ब्राँक्समधील एका संस्थेत गणित शिकवू लागला. १९१५ च्या सुमारास 'वॉशिंग्टन स्क्वेअर प्लेयर्स' या हौशी वृत्तीच्या मंडळीत तो शिरला आणि मग फळ्याकडे फारसा परतला नाही. परतला तो पुढे पडद्यावर. त्याविषयी यथाक्रम सांगूच.

त्याच्या रंगभूमीवरील वीस वर्षांचा वृत्तान्त आम्ही थोडक्यात आटोपतो. कारण जे आम्ही पाहिले नाही त्याचे गुणवर्णन करण्याची आम्हांस हौस नाही. शोलेम आश यांच्या 'गॉड ऑफ व्हेन्जन्स' या नाटकाच्या इंग्रजी प्रयोगात तो होता. १९२३ साली त्या प्रयोगाबद्दल नटमंडळींवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सत्ताधाऱ्यांची वक्रदृष्टी त्याच्या वाट्यास त्या काळापासूनच आलेली दिसते. १९३० साली ब्रॉडवेवर 'ग्रँड हॉटेल' नाटकात त्याने क्रिंगेलाइन या मरणोन्मुख कारकुनाचे काम केले. आयुष्यभर काटकसर केलेला हा मनुष्य उरलेले दिवस ऐषारामात काढावयास मोठ्या हॉटेलात येतो. या नाटकाचा बोलपट निघाला, तेव्हा ते काम लायोनेल बॅरीमोर या नामांकित नटाकडे गेले. चरित्रनटाच्या नशिबी असे प्रसंग येतच असतात.

पडद्यावर तो प्रथम आला १९३४ साली, जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या 'द स्कार्लेट एम्प्रेस' मध्ये. मार्लिन डीट्रिच ही रशियाची सम्राज्ञी कॅथरीन आणि जॅफी हा तिचा अर्धवट नवरा, ग्रँड ड्यूक पीटर. विस्फारलेले डोळे, कानापर्यंत फाटलेले हसू, खेळण्यातल्या शिपायांशी चाललेला खेळ! हे काम आम्हांस तितकेसे रुचले नाही. नट दर क्षणी आपल्या वेडाची ग्वाही देत राहतो. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचविण्यासाठी जे करावे लागते ते त्याने कॅमेऱ्यासमोर तसेच ठेवले. पण ते डोळे लक्षात ठेवावेत. तेच डोळे तीन वर्षांनी स्थिर झाले आणि त्या स्थिरतेतून एक मोठा नट उदयास आला.

१९३७ च्या 'लॉस्ट होरायझन' ची ही गोष्ट. जेम्स हिल्टन यांच्या कादंबरीवरून फ्रँक काप्रा यांनी हा बोलपट केला. तिबेटातील दुर्गम दरीत 'शांग्रिला' नावाचे स्थान आहे. तेथे माणसे फार सावकाश म्हातारी होतात आणि तेथील महालामा दोनशेहून अधिक वर्षे जगलेले आहेत. हे काम पंचेचाळीस वर्षांच्या नटाने करावयाचे! ते चित्रित झाल्यावर स्टुडिओच्या चालकांस शंका आली. वॉल्टर कॉनोली या दुसऱ्या नटास घेऊन तीच दृश्ये पुन्हा चित्रित झाली. ती पाहिल्यावर काप्रांनी ती बाजूस सारली आणि जॅफीलाच पुन्हा बोलाविले. योगायोग असा की, त्याच १९३७ साली आमच्याकडे प्रभातच्या 'कुंकू' मध्ये केशवराव दाते यांनी तरुण मुलीशी लग्न करणाऱ्या म्हाताऱ्याचे काम केले होते. वार्धक्य हे पांढऱ्या केसांत नसून माणूस जगाकडे किती अंतरावरून पाहतो यात असते, हे त्या दोन कामांनी दोन खंडांत एकाच वर्षी दाखवून दिले. दात्यांचा म्हातारा जगास घट्ट धरून ठेवू पाहतो आणि ते सुटत आहे हे कळल्यावर कोसळतो. जॅफीच्या महालामाने जग कधीच सोडले आहे. तरीही जगाविषयीचा कळवळा सुटलेला नाही.

या भूमिकेत त्यास हालचाल जवळजवळ नाही. काळोख्या खोलीत एक कृश आकृती बसलेली असते आणि अंधूक प्रकाशात चेहरा तेवढा उजळतो. आवाज इतका हळू की, ऐकणारा आपोआप पुढे झुकतो. शब्द आणि शब्द यांच्यामधील अवकाश तो असा सांभाळतो की, प्रत्येक शब्द दोनशे वर्षांच्या पलीकडून चालत येत असावा. जग शस्त्रांच्या उन्मादात स्वतःचा नाश करून घेईल आणि त्या विध्वंसानंतर उपयोगी पडावे म्हणून येथे माणसाचे चांगले ते जपून ठेविले आहे, असे तो सांगतो. बोलपट निघाला तेव्हा दुसरे महायुद्ध दोनच वर्षे दूर होते. ते भाषण लिखाणात भाबडे आहे. जॅफीच्या मुखात ते भाबडे राहत नाही. कारण तो उपदेश करीत नाही, आठवणी सांगावयास बसल्यासारखा बोलतो. आमच्याकडे देवळात पुराण सांगणारे जे जुने शास्त्रीबुवा असत, त्यांपैकी चांगल्यांची हीच रीत होती. ते आवाज चढवीत नसत आणि सभामंडप तेवढ्यानेच शांत होई.

तथापि या महालामाविषयी एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. तो तिबेटी नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी तेथे पोचलेला तो पेरो नावाचा बेल्जियन ख्रिस्ती धर्मोपदेशक आहे. पूर्वेकडील ज्ञानाचे एवढे गोडवे गाणाऱ्या कथेला त्या ज्ञानाच्या आसनावर बसवावयास एक युरोपीय मनुष्यच सापडला! पौर्वात्य माणसे तेथे आहेत ती बव्हंशी सेवेसाठी आणि दरीतील सुखी प्रजा म्हणून. दोनच वर्षांनी 'गंगा दीन' मध्ये ह्याच नाण्याची दुसरी बाजू समोर आली. तेथे पौर्वात्य माणूस केंद्रस्थानी आहे खरा, पण तो केव्हा? युरोपीय पलटणीसाठी मरेल तेव्हा. या दोन्ही भूमिका एकाच नटाने कराव्यात, ही चित्रपटसृष्टीची विचारपूर्वक योजना नसली तरी तिच्या मनाचा आरसा आहे असे आम्हांस वाटते.

आता त्या बोलपटाकडे वळू. रडयार्ड किपलिंग यांची 'गंगा दीन' ही कविता १८९० ची. पाण्याच्या पखाली वाहणाऱ्या भिस्त्याची ती कथा एक गोरा शिपाईच सांगतो, आणि ज्यास मी शिव्या दिल्या, मारले, तो माझ्याहून श्रेष्ठ होता अशी कबुली अखेरीस देतो. कवीची साम्राज्यभक्ती सर्वश्रुत आहे. परंतु कवितेत निदान ती कबुली आहे. जॉर्ज स्टीव्हन्स यांनी बोलपट केला, त्यात तिघा इंग्रज सार्जंटांची साहसकथा मुख्य झाली. कॅरी ग्रँट, व्हिक्टर मॅक्लाग्लेन व डग्लस फेअरबँक्स धाकटा हे ते तिघे. हाणामाऱ्या, थट्टामस्करी, एक हत्तीण यांची रेलचेल आहे. हिंदुस्थानची वायव्य सरहद्द म्हणून दाखविलेले डोंगर कॅलिफोर्नियातील लोन पाइन येथील. आणि या सर्वांच्या पाठीमागे कालीचे उपासक असे ठग उभे केलेले आहेत. कालीपूजेचा जो भाग दाखविला आहे तो ऐतिहासिक सत्यावर आधारलेला आहे, अशी लेखी ग्वाही बोलपटाच्या आरंभीच दिलेली आहे!

त्या ग्वाहीचा समाचार थोडक्यात घेतला पाहिजे. ठगांचा बीमोड कंपनी सरकारच्या स्लीमन या अधिकाऱ्याने केला तो मुख्यतः १८३० नंतरच्या दशकात, आणि तो मध्य हिंदुस्थानात, जबलपूर ज्याचे केंद्र होते त्या मुलखात. वायव्येच्या डोंगरांत नव्हे. ठगांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती माफीच्या आशेने साक्षीदार झालेल्या कैद्यांच्या जबान्यांतून आली. म्हणून तिला धर्मपंथाचे रूप कितपत द्यावे याविषयी पुढील इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. वाटमारी ही वाटमारी; ती करणारे देवीस नवस बोलत म्हणून देवी वाटमारीची होत नाही. गोव्यात कासरपाल येथे श्रीकालिका नांदते. तिच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकास या बोलपटातील देवीची ओळखही पटणार नाही. आमच्या काल्यात किंवा दशावतारात संकासुर येतो तोही वेद चोरणारा असुरच; परंतु तो गावाचा असतो, मुले त्यास भितात आणि हसतातही. परक्याने अज्ञानाने रंगविलेल्या भयाला असे घर नसते.

या बोलपटावर १९३९ साली मुंबई व बंगाल प्रांतांत बंदी आली. आदल्याच वर्षी 'द ड्रम' या साम्राज्यस्तुतीच्या ब्रिटिश बोलपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली होती. तेव्हा ही बंदी अनपेक्षित म्हणता येणार नाही. ती योग्य होती की नव्हती हा वाद आता शिळा झाला आहे. ज्या काळी देश परतंत्र होता आणि उत्तर देण्यास आमच्या हाती दुसरा पडदा नव्हता, त्या काळचा तो राग समजण्यासारखा आहे. एवढे म्हणून आम्ही पुढे जातो.

गंगा दीनचे काम प्रथम साबू या मुलास द्यावयाचे होते. म्हैसूरच्या माहुताचा हा मुलगा 'एलिफंट बॉय' मुळे जगभर प्रसिद्ध झाला होता. पण तो अलेक्झांडर कोर्डा यांच्याशी करारबद्ध होता आणि त्यांनी त्यास सोडले नाही. मग सत्तेचाळीस वर्षांच्या जॅफीची निवड झाली. साबू हे काम कसे करील याची कल्पना मनाशी धरून आपण ते केले, असे जॅफी पुढे सांगत असे. ही गोष्ट कळल्यावर त्या भूमिकेतील एक कोडे उलगडते. पखालजीची चाल मुलाची आहे. त्याचे डोळे मात्र आयुष्य पाहिलेल्या माणसाचे आहेत. पलटणीची कवायत लपून पाहणारा, एकटाच ताठ उभे राहून शिपाई व्हावयाची तालीम करणारा हा मनुष्य पोराटकी करीत आहे असे वाटते, आणि लगेच जाणवते की, हे पोराचे स्वप्न नसून अर्धे आयुष्य उलटून गेलेल्या माणसाची भूक आहे. कॅरी ग्रँटचा सार्जंट त्याची थट्टा करीत त्यास सलाम कसा ठोकावा हे शिकवितो, तो प्रसंग पाहावा. ग्रँट हसविण्यासाठी खेळतो. जॅफी हसत नाही. त्याच्यासाठी तो सलाम ही दीक्षा आहे. दृश्य विनोदी म्हणून लिहिलेले. नटाने ते करुण केले, आणि दिग्दर्शकास ते कळून त्याने ते तसेच राहू दिले हे त्याचे श्रेय.

ह्याच ठिकाणी आमच्या रागाचे मूळ आहे. काम वाईट झाले असते तर बोलपटाचे असत्य उघडे पडले असते. ते इतके सच्चे झाले म्हणून असत्यासही सच्चेपणाचे तेज चढले. साम्राज्याचा जुलूम, जातिगर्व, शिव्याशाप हे सारे त्या सलामात धुऊन निघाले, निदान पाहणाऱ्यास तसे वाटले. मरणोत्तर त्यास कॉर्पोरलचा हुद्दा मिळतो आणि अखेरीस गणवेश घातलेली त्याची छाया हसत सलाम करते. जिवंतपणी ज्यास गणवेश दिला नाही त्यास मेल्यावर दिला, यात खरे तर केवढा उपहास आहे! बोलपटास तो दिसत नाही. जॅफीच्या हसण्यात तो किंचित आहे, असे आम्ही म्हणू. पण कदाचित ती आमची इच्छा असेल.

नटाच्या बाजूने एक साक्ष मात्र बोलपटातच आहे. ठगांचा गुरू इटलीत जन्मलेल्या एद्वार्दो चानेली या नटाने केला आहे. पकडला गेल्यावर हा गुरू सार्जंटांस सुनावतो की, तुम्ही तुमच्या इंग्लंडसाठी मरण्याची शपथ घेतली असेल, तर मीही माझ्या हिंदुस्थानासाठी मरू जाणतो. आणि तो सापांच्या खड्ड्यात उडी घेतो. लेखकांनी हे वाक्य का लिहिले कोण जाणे. चानेलीने ते इतक्या तोलामोलाने म्हटले आहे की, क्षणभर साऱ्या बोलपटाचा पाया हलतो. त्या वेळी गंगा दीन तेथेच आहे. देशासाठी मरणारा हिंदी मनुष्य खलपुरुष, पलटणीसाठी मरणारा हिंदी मनुष्य नायक. आणि दोघेही हिंदी नव्हेत. 'गंगा दीन' पाहावयाचा असेल तर या दृश्यासाठी पाहावा.

'गंगा दीन' नंतर आम्ही एकदम १९५० सालाकडे जातो. मधल्या काळात 'जंटलमन्स अॅग्रीमेंट' मधील ज्यू प्राध्यापकाचे छोटे व खेळकर काम सोडता थांबावे असे फारसे काही नाही. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. नटांच्या 'अॅक्टर्स इक्विटी' या संघटनेत तो कळकळीने काम करी, आणि १९४३ साली जॉर्ज फ्रीडली या ग्रंथालयाधिकाऱ्याच्या साहाय्याने त्याने 'इक्विटी लायब्ररी थिएटर' काढले. सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभागृहांत, बेकार नटांना घेऊन, जुनी चांगली नाटके करावयाची असा तो उपक्रम. देवळाच्या सभामंडपात आणि वाचनालयाच्या चौकात नाटके पाहून जे वाढले, त्यांस या कल्पनेची थोरवी निराळी सांगावयास नको.

जॉन ह्यूस्टन यांचा 'द अॅस्फाल्ट जंगल' हा जॅफीचा सर्वोत्तम बोलपट होय. तुरुंगातून नुकताच सुटलेला डॉक रीडनश्नायडर हा जर्मन वळणाचा वृद्ध गुन्हेगार एका जवाहिऱ्याच्या पेढीवरील दरोड्याचा बेत आखतो. बेत सांगताना तो तंतोतंत गणिताचा मास्तर आहे: किती मिनिटे, किती माणसे, कोणते कुलूप. आवाज मृदू, वागणूक अदबीची, सिगारवर प्रेम. जवळ पिस्तूल बाळगण्यास तो नकार देतो. पळून जाताना वाटेतल्या एका खाणावळीत तो थांबतो. तेथे एक तरुण मुलगी संगीताच्या यंत्रावर नाचू पाहते, तिच्याजवळ नाणी संपतात, आणि हा म्हातारा आपल्याजवळची नाणी देऊन तिचा नाच पाहत बसतो. गाडीचालक निघण्याची घाई करतो तरी हा बसून राहतो. बाहेर पोलीस आलेले आहेत. किती वेळ झाला तुम्हांस येऊन, असे तो त्यांस विचारतो. दोनतीन मिनिटे, असे उत्तर येते. एक तबकडी वाजावयास जितका वेळ लागतो तितकाच.

हा प्रसंग स्वस्त होण्यास किती सोपा होता! म्हाताऱ्याची लंपट नजर म्हणून दुसऱ्या नटाने तो उरकला असता. लंपटपणा जॅफीने लपविलेला नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर त्याहून निराळे काही आहे. आयुष्यभर हिशेब केलेल्या माणसाने स्वतःच्या हिशेबातील चूक ओळखली आहे, आणि तरीही ती पुसावयास त्याचा हात उठत नाही. पकडला गेल्यावर त्यास आश्चर्य वाटत नाही. या भूमिकेस व्हेनिसच्या महोत्सवात उत्तम नटाचे पारितोषिक मिळाले आणि ऑस्करसाठी नामनिर्देशनही झाले. ऑस्कर जॉर्ज सँडर्स यांस मिळाले. निवड करणाऱ्यांशी आमचे येथे मतभेद आहेत, एवढेच नोंदवितो.

आणि नेमक्या त्याच वर्षी, जून १९५० मध्ये, अमेरिकेत 'रेड चॅनेल्स' नावाचे एक चोपडे निघाले. नभोवाणी व दूरदर्शन क्षेत्रांतील ज्या १५१ जणांस साम्यवाद्यांचे सहानुभूतीदार म्हणून त्यात बोट दाखविले होते, त्यांत सॅम जॅफीचे नाव होते. पुढल्या वर्षी रॉबर्ट वाइज यांच्या 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' मध्ये त्यास घेण्यास स्टुडिओत कुरकुर झाली. निर्माते ज्युलियन ब्लाउस्टाइन यांनी डॅरिल झॅनक यांच्याकडे शब्द टाकला म्हणून ते काम त्याच्याकडे राहिले. परग्रहावरून शांततेचा इशारा घेऊन आलेला पाहुणा एका थोर शास्त्रज्ञाच्या घरी जातो. शास्त्रज्ञ घरी नाही. फळ्यावर अर्धवट सोडलेले समीकरण आहे. पाहुणा त्यात दुरुस्ती करून निघून जातो. परत आल्यावर प्राध्यापक बार्नहार्ट ते फळ्यावरील अक्षर ज्या डोळ्यांनी पाहतो, ते डोळे नटाने उसने आणलेले नव्हते. खडूची धूळ त्याच्या बोटांस पूर्वीच लागलेली होती. पाहुणा त्यास विचारतो की, तुमची माझ्यावर श्रद्धा आहे काय? चांगले शास्त्र श्रद्धेने नव्हे, जिज्ञासेने होते, असे म्हणून तो त्यास बसावयास सांगतो. त्यास हजारो प्रश्न विचारावयाचे आहेत. आम्ही श्रद्धावान माणसे. तरी आम्हांस हे वाक्य बोचत नाही. नचिकेत्यानेही यमाच्या दारी प्रश्नच विचारले होते.

त्यानंतर हॉलिवुडची दारे बंद झाली. १९५१ नंतर तो पडद्यावर दिसला तो १९५७ साली, आणि तोही फ्रान्समध्ये, क्लूझो यांच्या 'ले एस्पियाँ' मध्ये. ज्या नटाने पलटणीवरील निष्ठेपायी घुमटावर चढून प्राण दिला असे जगास दाखविले, त्याच्या स्वतःच्या देशावरील निष्ठेविषयी त्याच्याच देशात संशय घेण्यात आला! पुढे १९५८ साली त्याचा जुना स्नेही ह्यूस्टन यानेच त्यास पुन्हा काम दिले, हे येथे सांगावयास हवे.

१९५९ च्या 'बेन-हर' मध्ये विल्यम वायलर यांनी त्यास सिमोनिडीस दिला. ज्यूडा बेन-हरच्या घराण्याचा हा कारभारी व दास. रोमन सत्तेने धन्यास वल्हे मारावयास गलबतावर पाठविले, आणि धन्याच्या संपत्तीचा पत्ता सांगावा म्हणून सिमोनिडीसचा छळ करून त्यास पंगू केले. ज्यूडा वर्षांनी परततो, तेव्हा ओसाड वाड्यात त्यास हा भेटतो. त्याच्यासोबत मॅलक नावाचा एक माणूस आहे. तुरुंगात त्याची वाचा गेली. तो माझे पाय झाला आणि मी त्याची जीभ झालो, दोघे मिळून आम्ही एक पुरा माणूस होतो, असे सिमोनिडीस सांगतो, आणि हसतो. ते हसणे ऐकावे. प्रचंड रथशर्यतीच्या त्या बोलपटात आम्हांस पुनःपुन्हा आठवते ते हे दोन मिनिटांचे दृश्य.

वीस वर्षांच्या अंतराने जॅफीने दोन सेवक रंगविले. दोघेही निष्ठावान. गंगा दीनने साम्राज्याच्या बाजूने सलाम केला. सिमोनिडीसने साम्राज्यापुढे तोंड मिटून घेतले आणि पाय गमावले. पहिल्या भूमिकेत नटाचे सारे सामर्थ्य लेखनाच्या दोषावर पांघरूण घालण्यात खर्ची पडले. दुसरीत लेखन आणि नट एका बाजूस आहेत, म्हणून तेथे अभिनय कमी आणि परिणाम अधिक. पहिली भूमिका करताना जॅफीच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण सहा वर्षे दारे बंद झालेल्या माणसाने दुसरी केली, हे तिच्यात दिसते.

१९६१ पासून अमेरिकेच्या दूरदर्शनवर 'बेन केसी' ही इस्पितळाची मालिका चालली आणि तीत डॉक्टर झोर्बा म्हणून तो घरोघरी पोचला. प्रत्येक भागाच्या आरंभी एक हात फळ्यावर खडूने पुरुष, स्त्री, जन्म, मृत्यू आणि अनंत यांची चिन्हे काढी, आणि जॅफीचा आवाज ती एकेक उच्चारी. १९५६ साली ज्या बेटी अॅकरमन या नटीशी त्याचा विवाह झाला होता, तीही त्या मालिकेत होती. १९६५ साली त्याने मालिका सोडली. पुढची कामे लहान आणि बरीचशी त्याच्या योग्यतेची नव्हती. २४ मार्च १९८४ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे त्याचे निधन झाले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' झळकला. पुन्हा ठग, पुन्हा काली, पुन्हा मानवी बळी. संहिता आक्षेपार्ह वाटल्याने आपल्या सरकारने अटी घातल्या आणि चित्रीकरण श्रीलंकेत झाले. 'गंगा दीन' चा ठसा त्यावर उघड आहे. फरक एवढाच की, या वेळी मोलाराम हा दुष्ट पुजारी इटालियन नटाने नव्हे, तर आमच्याच अमरीश पुरी यांनी केला. पाऊण तासाच्या रक्तपातात जॅफीच्या पखालजीसारखे एक क्षणभरही डोळे पाणावेल असे कोणी तेथे भेटत नाही. त्यामुळे त्या बोलपटावर रागावणे आम्हांस सोपे गेले.

ज्यांस या नटाची ओळख करून घ्यावयाची आहे त्यांनी आधी 'द अॅस्फाल्ट जंगल' पाहावा, मग 'बेन-हर' मधील ओसाड वाड्याचे दृश्य, मग 'लॉस्ट होरायझन'. 'गंगा दीन' शेवटी ठेवावा, आणि शक्य असेल तर घरातील मुलांसोबत पाहावा. आरंभीची ती ग्वाही पडद्यावर येईल, तेव्हा थांबवून त्यांस स्लीमन, जबलपूर आणि आपली कालिका यांविषयी सांगता येईल. सलाम शिकण्याचा प्रसंग आला की मात्र मध्ये बोलू नये.